पाच ग्रॅमचा कागद

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही "बरं बरं, ओव्हन बघ" म्हणालात आणि दुसऱ्यांदा चपला शोधायला लागलात. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवणार आहे. मध्येच उठून जाता येऊ नये म्हणून चष्म्याचं घर तिच्या ताब्यात ठेवायचं, असं आमचं ठरलं आहे.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. उभा जन्म त्यांनी पुस्तकं बांधली. पुठ्ठा, दोरा, खळ, दाबयंत्र. आता निवृत्त आहेत, पण अजूनही कुणाच्या घरी गेले की आधी कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी बघतात आणि मग माणसांकडे.

मी त्यांच्या नेमका उलट. दिवसभर स्क्रीनसमोर असतो आणि रात्री जेवणाच्या टेबलावर कागदाचे उद्योग करतो. डब्या, पाकिटं, उघडली की आतून घर उभं राहतं अशी भेटकार्डं, क्विलिंगच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला हा छंद असणं घरच्यांना फारसं पटलेलं नाही. आई त्याला "तुझी कात्रणं" म्हणते. बायको काही म्हणत नाही, पण कात्री जागेवर नसली की आधी माझ्याकडे बघते.

अडचण छंदाची नाही, टेबलाची आहे. आमच्याकडे टेबल एकच. कणीक त्यावरच मळायची, भाजी त्यावरच चिरायची, जेवायचंही त्यावरच. त्यामुळे दरवर्षी वसंतातली सुट्टी जवळ आली, पाहुणे येणार असं ठरलं, की पहिलं फर्मान सुटतं: "हा पसारा आवर." मी सगळं खोक्यात भरून पलंगाखाली ढकलतो आणि पुढचे आठ दिवस कुरकुरत कांदे सोलतो. सणाच्या स्वयंपाकाचा मला राग यायचा तो यामुळे. तो माझी जागा खायचा.

यंदा जेवायला बारा माणसं होती. बायकोची ड्यूटी त्याच दिवशी सकाळपर्यंत, म्हणजे स्वयंपाक माझ्याकडे. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही वर्तमानपत्र परत करायला आलात तेव्हा मी आणि लेक टेबलाच्या दोन टोकांना बसलो होतो. एका टोकाला मैदा, दुसऱ्या टोकाला कार्डं, आणि दोन्हीकडे बोंब. स्वयंपाकघरात धूर होता तो वेगळाच.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. एक फाटकं कार्ड उचललंत, घडीवर अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "आडवा मोडलास."

इतकी वर्षं मी कागद मोडतोय, पण त्याला ग्रेन, म्हणजे आतल्या धाग्यांची दिशा, असतो हे मला फक्त ऐकून माहीत होतं. तुम्ही दाखवलंत. 250 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचा, कार्डपेपर हातात धरून एकदा उभा वाकवला, एकदा आडवा. एका बाजूने तो मुकाट वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बरेचसे धागे एका दिशेला लोळतात. त्या दिशेने मोडला तर घडी स्वच्छ बसते, आडवा मोडला तर धागे तुटतात आणि घडीवर पांढरी भेग दिसते. लेकीला हे पटेना, तेव्हा तुम्ही साध्या कागदाचा चौकोन कापून तिला एका बाजूने ओल्या बोटाने पुसायला सांगितलंत. तो बघता बघता सुरळी होऊन वळला. धागे पाणी पिऊन जाडीला फुगतात, लांबीला फारसे नाही, म्हणून सुरळी जिकडे उभी तिकडे ग्रेन. तिने मग घरातला हाताला लागेल तो कागद ओला केला. त्यात माझी विम्याची पावतीही होती, पण ते जाऊ द्या.

माझी चूक ही होती की मी ए-4 कार्डपेपर मधोमध मोडून मोठी कार्डं करत होतो. माझ्या गठ्ठ्यातला ग्रेन लांबीच्या बाजूने होता, म्हणजे प्रत्येक घडी नेमकी आडवी येत होती. तुम्ही म्हणालात, आधी मधून काप आणि मग अर्धा मोड. कापल्यावर ए-5 झाला, तो मोडल्यावर ए-6, आणि घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने. बारा माणसांना सहा कागद, एक कपटासुद्धा वाया नाही. मला वाटलं आता तुम्ही घडी दाबायची हाडाची पट्टी आणायला खाली जाल. तुम्ही आमच्या चमच्याची पाठ घेतलीत, घडीवर पातळ कागद ठेवलात आणि वरून एकदाच दाबून ओढलीत. थेट घासलं की कागदावर चकाकी उरते, एवढंच कारण सांगितलंत.

मग वळलात धुराकडे.

धूर माझाच होता. भाज्या कागदाच्या पुडीत बंद करून ओव्हनमध्ये वाफवायच्या, असा माझा बेत होता. कागद आणि स्वयंपाक एकाच ताटात येतील, निदान एक दिवस तरी कुणी पसारा म्हणणार नाही, असा त्यामागचा डाव. रंगीत तालमीला मी कपाटातला गुळगुळीत कागद वापरला. आपण सगळ्यालाच बटर पेपर म्हणतो, तिथेच घोटाळा आहे. तो मेणाचा होता. मेण वितळलं, धूर झाला, बटाटे फेकावे लागले. ओव्हनचा कागद वेगळा, त्यावर सिलिकॉनचा थर असतो आणि त्याच्या खोक्यावर किती तापमान चालतं ते छापलेलं असतं. तुम्ही जळका कागद नाकाशी नेऊन मेण ओळखलंत. मी वासाने फक्त संकट ओळखलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र आहे ती सांगतो.

बन करायचे होते. अर्धा किलो मैद्याला 5 ग्रॅम कोरडं यीस्ट. आमचा डिजिटल काटा ऐन वेळी मेला, सेल संपला. मी दुकानात जायला निघालो तर तुम्ही हात धरून बसवलंत आणि विचारलंत, "प्रिंटरचा कागद कितीचा आहे?" मला वाटलं किंमत विचारताय. तुम्हाला हवं होतं वजन. रीमच्या, म्हणजे कागदाच्या गठ्ठ्याच्या, वेष्टनावर 80 जीएसएम लिहिलेलं होतं. तुम्ही एक कागद काढून माझ्यासमोर धरलात. "हा पाच ग्रॅम."

मी नंतर हिशेब केला. ए-0 म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तो चार वेळा अर्धा केला की ए-4, म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. 80 भागिले 16, पाच. जर्मनांनी ही मापं 1922 साली प्रमाण केली. लांबी-रुंदीचं गुणोत्तर असं धरलं आहे की कागद कितीही वेळा अर्धा करा, आकार तोच राहतो. मला हे सगळं कार्डांपुरतं माहीत होतं. त्याने यीस्ट मोजता येतं हे सुचलं नव्हतं.

तुम्ही लेकीला दोन सारख्या चौकोनांच्या दोन डब्या करायला सांगितल्यात, चिकटवायच्या नाहीत, नुसत्या घड्यांच्या. ती डबी तिला डोळे मिटून येते. तीस सेंटिमीटरची पट्टी मधोमध दोऱ्याने टांगलीत, दोन टोकांना दोन डब्या. पट्टी एका बाजूला झुकली. दोरा 15 च्या आकड्यावरून केसभर सरकवलात, ती सपाट झाली. मग एका डबीत तो कागद चुरगळून टाकलात आणि दुसरीत मला यीस्ट सोडायला सांगितलंत. चिमटीचिमटीने. शेवटच्या दहा-बारा दाण्यांना पट्टी हलली, थरथरली आणि आडवी उभी राहिली. स्वयंपाकघरात कुणी बोलत नव्हतं. आईसुद्धा दारात उभी होती. मिठाला दोन कागद लागले, कारण मीठ 10 ग्रॅम हवं होतं.

आईने त्यानंतर टेबलावरच्या कागदांना हात लावला नाही. उलट कणीक मळायला तिने आपणहून ओटा घेतला.

पीठ मळताना मी घाई करत होतो. लाटी ओढली की मागे यायची, पुन्हा ओढायचो, पुन्हा मागे. तुम्ही म्हणालात, नवीन रीम फोडली की आम्ही कागद लगेच कापत नसू, खोलीच्या हवेत बसू देत असू, नाहीतर कापल्यावर वाकडा होतो. पिठालाही बसू दे. वीस मिनिटं झाकून ठेवल्यावर तीच लाटी मुकाट लांबली. एक तुकडा बोटांनी ताणला तर पडद्यासारखा पातळ झाला, पलीकडचा उजेड दिसला, पण फाटला नाही.

त्या वीस मिनिटांत तुम्ही खळ शिजवलीत. एक वाटी मैदा, पाचेक वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. साठ अंशांच्या आसपास स्टार्चचे कण फुगायला लागतात आणि पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं होतं. मी म्हटलं, हा तर आपला व्हाइट सॉस, फक्त लोणी आणि दूध नाही. तुम्ही हसलात. त्या दिवशी पहिल्यांदाच. बाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात असं सांगितलंत आणि लगेच दटावलंत, की त्याचं नावही या घरात काढायचं नाही, ते विष आहे. ही बिनमोरचुदाची खळ तीन-चार दिवसांत आंबेल, तेवढी पुरे. कार्डांच्या आतली उभी राहणारी घरं त्याच खळीने चिकटली. ट्यूबमधल्या गोंदापेक्षा ती मला आवडली, कारण सुकेपर्यंत कागद सरकवता येतो आणि माझ्यासारख्याला तेवढी सवलत लागतेच.

दुसऱ्या दिवशी पुड्या. बटाटे तीन मिलिमीटर, त्याहून जाड नाहीत, नाहीतर वाटाणे शिजतात आणि बटाटे कच्चे राहतात. गाजर, ताजे वाटाणे, कांदा, लिंबाची चकती, लोण्याचा तुकडा, मिरपूड. कागद मोडून पत्त्यातल्या बदामाचा अर्धा आकार कापायचा, उघडल्यावर पूर्ण बदाम. एका अर्धुकात भाजी, दुसरं त्यावर. मग कडेने लहान लहान घड्या, प्रत्येक घडी आधीच्या अर्ध्या घडीवर बसेल अशी, आणि शेवटी शेपटीला पीळ. ज्या तिघांना कांदा चालत नाही त्यांच्या पुड्यांना दोन पीळ, ही अक्कल लेकीची. ओव्हन 200 अंशांवर, पंचवीस मिनिटं.

अकरा पुड्या उशीसारख्या फुगल्या. एक चपटी राहिली. ती मी बांधली होती. तुम्ही ती गुपचूप स्वतःच्या ताटात घेतलीत आणि कुणाला कळायच्या आत उघडून खाल्लीत. मी बघितलं, काका.

बाकी जेवण जसं होतं तसं झालं. बन खालून जरा जास्त भाजले होते. पण लोक जेवून उठेनात. एकेक जण कात्रीने पुडी कापून, वाफ चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मान मागे घेऊन, आत डोकावत होता. आपल्या नावाचं कार्ड उघडून मिटून पुन्हा उघडत होता. बायको ड्यूटीवरून थेट आली होती. ती मोकळ्या कागदावरच्या घड्या मोजत बसली आणि म्हणाली, "हे तू केलंस?" मी खरं सांगितलं. म्हणून तिचेही आभार तुम्हाला पोचते करतो.

तुम्ही माझं एकही काम हातातून काढून घेतलं नाहीत, हे मला रात्री भांडी घासताना लक्षात आलं. कार्डं मीच मोडली, यीस्ट मीच सोडलं, चपटी पुडीही माझीच. तुम्ही फक्त चमचा, दोरा आणि पट्टी तेवढी जागेवर ठेवत होतात. इतक्या हळू आवाजात मदत करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आता कामाचं बोलतो. काट्याचा सेल आणला आहे, पण तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. पट्टी अजून ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि आई येता-जाता तिच्यात वेलदोडे मोजते. खळीची वाटी तुमची आहे ती धुऊन ठेवली आहे. रविवारी पुन्हा बन करणार आहोत, पीठ चार वाजता भिजेल. लेकीला शिवून वही बांधायची आहे. दोरा आणला आहे, सुई कोणती ते तुम्हीच सांगा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा कात्रणवाला