वाकडं पान तसंच ठेवल्याबद्दल

दादा, नमस्कार.

तुमच्याकडे मी आले होते ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. पेनड्राइव्ह पर्समध्येच होता. तो बाहेर काढायची हिंमत दाखला हातात पडल्यावर झाली.

आमच्या बचत गटाच्या हळदीच्या पाकिटाचं चित्र होतं त्यात. समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद, भौगोलिक मानांकन मिळालेली, अन् मोबाईलवर दिसायची कशी? अक्षरांभोवती माशा बसल्यासारखे ठिपके, मागे पांढरा चौकोन. पहिल्या दुकानदाराने कोरल या चित्राच्या सॉफ्टवेअरमधून जेपीजी प्रकारची फाईल काढून दिली, पैसे घेतले, विषय संपला. दुसरा म्हणाला, ताई, तुमचा मोबाईलच जुना आहे. तिसऱ्याकडे फॉन्टच नव्हता. ‘हळद’मधला ळ कुठच्या कुठे गेला, तर म्हणे नवीन डिझाईन करून घ्या. काहून बाप्पा? चित्र तर चांगलं होतं!

तुम्ही फाईल मोठी करून पाहिली. जेपीजी फोटोला बरी, असल्या सपाट रंगांना पीएनजी प्रकारची फाईल, एवढंच बोललात. चौकटीची बारीक रेघ दोन पिक्सेलच्या, म्हणजे पडद्यावरच्या बारीक ठिपक्यांच्या, मधोमध पडून राखाडी, फुगलेली दिसत होती. ती जराशी सरकवली तर दोऱ्यासारखी उमटली. ६०० पिक्सेलच्या जागेसाठी १२०० ची काढून दिलीत, नव्या फोनवर फाटू नये म्हणून. मला यातलं अर्धंच कळलं.

मग तुमचा हात पानावर येऊन थांबला. हळदीचं पान, टोकाशी जरा डावीकडे वळलेलं. आधीच्या एकाने ते न विचारता सरळ केलं होतं, पार केळीचं पान करून ठेवलं होतं. तुम्ही माउस सोडला आणि विचारलंत, “हे वाकडं मुद्दाम काढलंय ना?”

दादा, ते पान माझ्या सासूबाईंनी पाठकोऱ्या कागदावर काढलंय. बोटं थरथरतात आता त्यांची. पुतण्याने ते तसंच्या तसं कॉम्प्युटरवर गिरवलं. माझ्या तोंडून नुसतं ‘हो’ निघालं. “मग याला हात नाही लावत,” म्हणालात. मागे रांगेत सात जण खोळंबले होते.

पैसे तुम्हीही घेतलेत, घ्यायलाच पाहिजेत. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारणारा माणूस दुकानात, बँकेत, कचेरीत किती वेळा भेटतो?

सासूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवतात, दोन बोटांनी पान मोठं करून. लोक हळदीचा भाव विचारतात, त्या पानाचं सांगत बसतात.

पाव किलोचं एक पाकीट तुमच्यासाठी काढून ठेवलंय. बाजाराच्या दिवशी आणते. पैसे काढाल तर पाकीट परत नेईन.