अभ्यासाचे वेळापत्रक आहे, जेवणाचे कुठे आहे?

संपादक महोदय,

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरात शिकायला आलेल्या मुलामुलींना मी डबे पुरवते. कळवण, सटाणा, येवला, पार धुळे-नंदुरबारकडची ही मुले. कुणी बारावीचे, कुणी नीट-जेईईचे, कुणी स्पर्धा परीक्षेचे. त्यांच्या ताणाबद्दल हल्ली पुष्कळ बोलले जाते. क्लासमध्ये समुपदेशकांची व्याख्याने होतात, पालक ध्यानाचे ॲप घेऊन देतात. ते सगळे जरूर करावे. पण त्याआधी मुलाने दिवसभरात काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, हे पाहायला हवे. आई फोनवर ‘जेवलास का’ विचारते, मुलगा ‘हो’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

परत आलेला डबा मात्र खरे सांगतो. लोणचे संपलेले, भात अर्धा खाल्लेला, मटकीच्या उसळीवर तेलाचा तवंग तसाच, आणि चारही पोळ्या घामेजून एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे दुपारी एका तासाला लागून दुसरा तास होता, चार वाजता वडापाव आणि कटिंग झाला आणि रात्री कसेबसे चार घास गेले. असे डबे परत येऊ लागले की थोड्याच दिवसांत मुलाचा आवाज बदलतो. साधे विचारले तरी वसकन अंगावर येतो, नाहीतर ‘काकू, उद्यापासून डबा नको, भूकच लागत नाही’ म्हणतो.

यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तोच वापरतो. फार वेळ पोट रिकामे राहिले आणि रक्तातली साखर उतरली की शरीर ॲड्रेनलिन हे धोक्याच्या वेळचे संप्रेरक सोडते. मग छातीत धडधडते, हात थरथरतात, चिडचिड होते. मुलाला वाटते, आपल्याला परीक्षेची धास्ती बसली. त्यावर तो पुन्हा चहा घेतो. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही अंगात असतो, त्यामुळे संध्याकाळी सातनंतरचे दोन कप मध्यरात्रीपर्यंत जागे ठेवतात. झोप मोडली की सकाळी नाश्त्याची इच्छा नसते, आणि दिवस पुन्हा उपाशीपोटी सुरू होतो.

आहार आणि मन यांच्या नात्यावर नीट अभ्यास झालेले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण होते आणि त्यांतल्या बहुतेकांचे उपचार चालूच होते. १२ आठवडे एका गटाला आहारतज्ज्ञाने भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुकामेवा, मासे असा आहार लावून दिला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पांची सोबत दिली. आहाराच्या गटातल्या सुमारे ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. प्रयोग लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही.

त्या यादीतले बरेचसे आपल्याकडे दाराशी मिळते. पेठ, सुरगाण्याकडची नागली म्हणजे नाचणी आहे, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पावसाळ्यात रानभाज्या येतात, शेवगा आहे, मूग-मटकी आहे, शेंगदाणे आहेत. भगर तर नाशिकच्याच गिरण्यांतून लांबलांब जाते, आणि आपण ती फक्त उपासाला काढतो! नागलीची गरम भाकरी, पातळ पिठले आणि ताक एवढे दुपारी वेळेवर मिळाले तरी मूल संध्याकाळपर्यंत टिकून अभ्यास करते, हे मी रोज बघते आहे.

मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगात लोह कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही, मन उदास राहते. अशा मुलीला घरचे ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात. बी-१२ कमी पडले तरीही असेच होते, आणि शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. म्हणून रक्त तपासून घ्यावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर तरी चहा टाळावा, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही चहाचे हे पथ्य आहे.

भाकरीने नैराश्याचा आजार बरा होतो असा माझा दावा नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडेच जावे. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा रात्रंदिवस चालू असते.

क्लासचालकांना माझी विनंती आहे की दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास सलग मोकळा ठेवा आणि मुलांना बसून जेवायला एक खोली द्या. जिन्यावर उभ्याने डबा उघडायला मुली संकोचतात आणि तसाच परत पाठवतात. पालकांनी प्रवेश घेताना फी आणि निकालाबरोबर जेवणाच्या सुट्टीचीही चौकशी करावी. ज्या क्लासला अशी वेळ बसवायची असेल, त्यांच्या वेळेला गरम डबा पोहोचवण्याची आमच्या भागातल्या डबे करणाऱ्या बायकांची तयारी आहे.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक