मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मद्यपानाची चर्चा बहुतेक वेळा संस्कारांवर येऊन अडते किंवा कडक शिक्षेच्या मागणीवर संपते. दारूला स्पर्शच न करणे सर्वांत सुरक्षित, याविषयी दुमत नाही. आरोग्याला मुळीच धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हे सारे ऐकूनही काही मुले-मुली पितात, आणि त्यांतला एखादा बेशुद्ध पडला तर काय करावे, हे त्याच्या सोबत्यांना कोणीही शिकवलेले नसते.

अशा वेळी खोलीत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल'. हे वाक्य अतिशय घातक आहे. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातील मद्य रक्तात मिसळत राहते, त्यामुळे झोपलेल्या मुलाची अवस्था पुढच्या तासाभरात आणखी बिघडू शकते. यकृत साधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्कच हाताळू शकते, आणि ५ टक्के मद्यार्क असलेल्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये तो सुमारे १३ ग्रॅम असतो. कॉफी पाजून, थंड पाण्याखाली बसवून किंवा धरून चालवून हा वेग वाढत नाही. मात्रा फार झाली की श्वासावर नियंत्रण ठेवणारे मेंदूतील केंद्र मंदावते आणि घशात काही अडकल्यास येणारी उबळही थांबते. मग उताण्या पडलेल्या मुलाला उलटी झाली तर ती थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून त्याला कुशीवर वळवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि शुद्धीवरच्या एकाने त्याच्याजवळच बसून राहावे. हलवूनही तो जागा होत नसेल, मिनिटाला आठापेक्षा कमी श्वास घेत असेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून अधिक अंतर पडत असेल, अंग गार पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके येत असतील, तर यांपैकी एकच लक्षण रुग्णवाहिका बोलावण्यास पुरेसे आहे. बाकीच्या लक्षणांची वाट पाहू नये.

पैजा लावून भराभर पिणे आणि झोपेच्या गोळ्यांसोबत पिणे, हे प्रकार विशेष जिवावर बेतणारे आहेत. एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळली की नशा कमी जाणवू शकते, परंतु रक्तातील मद्य तेवढेच राहते.

एवढी माहिती असली तरी मित्र फोन करायला कचरतात, कारण प्राचार्यांना कळेल, वसतिगृहातून काढून टाकतील, घरी पत्र जाईल, ही भीती त्या क्षणी मित्राच्या श्वासापेक्षा मोठी वाटू लागते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना याबद्दल दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण ही भीती आपण मोठ्यांनीच निर्माण केली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्येच यावर उपाय म्हणून असे धोरण आणले की, मद्याच्या अतिसेवनामुळे स्वतःसाठी किंवा मित्रासाठी वैद्यकीय मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई न करता त्याला नंतर समुपदेशन द्यायचे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या नियमावलीत अशी तरतूद लेखी स्वरूपात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यामुळे पिण्याला मोकळीक मिळेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो मला पटत नाही. ही सवलत केवळ जीव वाचवण्यासाठी केलेल्या फोनपुरती आहे; कनिष्ठ विद्यार्थ्यांना बळजबरीने पाजणे, पिऊन वाहन चालवणे, नशेत असलेल्या मुलीचा गैरफायदा घेणे, यांना कोणतीही माफी असता कामा नये, उलट त्याबाबत अधिक कठोर व्हावे.

पालकांनीही मुलांना आधीच सांगून ठेवावे की, कितीही वाजता फोन कर, आम्ही आधी येऊ आणि जाब नंतर विचारू. महाविद्यालयांनी नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना बोलावून बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर वळवण्याचे प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यावे, आणि रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावा. त्याच फलकावर, मदत मागणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे प्राचार्यांच्या सहीनिशी लिहिलेले असावे.

आपली विश्वासू,
एक वाचक