इन्सुलिनचं पेन देताय, तर वापरायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात माझं मेडिकल दुकान आहे, शुगरवाले पेशंट रोज काउंटरवर येतात, जे बघतोय तेच लिहितोय. एक गोष्ट चांगली झालीय, लोक इन्सुलिनला पूर्वीएवढे घाबरत नाहीत आणि बाटली-सिरिंज सोडून पेन (आत इन्सुलिन भरलेलं, आकडा फिरवून टोचायचं) वापरणारे खेड्यातबी वाढलेत. पण पेन हातात देतात, "सकाळी वीस, रात्री दहा" एवढं सांगतात आणि पेशंटला घरी पाठवतात. बसवून शिकवत कुणी नाही. माझं म्हणणं एवढंच की शिकवणं हे पण औषधातच धरा.

जांबोटीकडच्या एक मावशी आल्या होत्या, शुगर कायम तीनशेच्या वर, डोस वाढवून वाढवून डॉक्टरपण थकले. मी विचारलं, मावशी रोज घेताय ना? "घेऊलाले की, एकबी दिवस चुकवलं न्हाई." मग म्हटलं माझ्यासमोर करून दाखवा. त्यांनी सुई नीट बसवली, बाहेरचं मोठं टोपण काढलं, आणि आतलं बारीक टोपण तसंच ठेवून पेन पोटाला लावलं, बटण दाबलं, आकडा शून्यावर आला, इन्सुलिन सगळं टोपणात! कितीतरी दिवस असंच चाललेलं. सुईला दोन टोपणं असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगता कळणार तरी कसं? पाच मिनिटाचं काम होतं हो ते.

बाटलीवाल्यांचं तर अजून अवघड. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतंय म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि पेनातलं १०० चं. सिरिंजपण त्याप्रमाणे वेगळी, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. अदलाबदल झाली की संपलं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढून २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर अंगात ५० युनिट जातंय, शुगर एकदम खाली जाऊन माणूस झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. उलटं केलं तर डोस निम्म्याहून कमी. म्हणून सिरिंज मागायला कुणी आलं की मी आधी बाटली दाखवा म्हणतो, लोक चिडतात, चिडू देत.

आणि साठवण. कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल नेम नाही, कितीतरी घरात फ्रीजच नाही. फ्रीज असलेले काहीजण जास्त थंड बरं म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतंय. चालू असलेलं पेन उन्हापासून लांब, घरातल्या थंड जागेत साधारण चार आठवडे चालतं, जास्तीचं ठेवायला ओल्या वाळूत बसवलेलं मातीचं मडकं चांगलं काम देतं. हे फ्रीज नसलेल्या माणसाला सांगायला नको का?

शुगर खाली गेली तर काय करायचं तेही पेन देतानाच सांगायला पाहिजे. एकादशीचा उपास आणि सुई मात्र रोजचीच, किंवा भाताची लावण करताना दुपारचं जेवण राहून गेलं, मग घाम, थरथर, डोळ्यासमोर अंधार. घरचे म्हणतात बाधा झाली. ७० च्या खाली आली की चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, हे घरातल्या शाळकरी पोरालाही यायला हवं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

काहीजण म्हणतात, अडाणी माणसाला ही मशिनं काय जमणार. मला हे अजिबात पटत नाही. भाजी विकणाऱ्या बायका फोनवर पैसे आले का ते बघूनच पिशवी देतात, डेअरीत फॅटचा आकडा चुकला तर लगेच भांडतात, त्यांना पेनवरचा आकडा कळणार नाही? मोठ्या शहरात आता इन्सुलिनचा पंप आहे, दंडावर चिकटवून शुगर बघायचा सेन्सर आहे, पंपाची किंमत लाखात आहे म्हणून आपल्याकडं अजून लांबच. पण उद्या स्वस्त झाला तरी पंपाची नळी तुंबली तर काही तासांतच शुगर चढते, दर दोन-तीन दिवसांनी नळी-सुईचा सेट बदलायचा असतो, म्हणजे तिथं शिकवणं अजूनच जास्त लागणार. त्याची सवय आत्ता पेनापासूनच लावली पाहिजे.

डॉक्टरांना दोष देत नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींवर शुगरचे पेशंट सांगितलेत, प्रत्येकाला अर्धा तास कुठून देणार. पण तालुका दवाखान्यात शुगर-बीपीच्या तपासणीला एक शिकलेली नर्स बसवता येईल, डेमोचं पेन हातात देऊन पेशंटकडूनच करून घ्यायचं, चुकलं तर परत, आणि आठवड्यानं पुन्हा बोलवून बघायचं. आशा ताई घरोघरी जातातच, त्यांनी पोटावर गाठी झाल्यात का, एकाच जागी टोचताय का, इन्सुलिन कुठं ठेवलंय एवढं बघितलं तरी खूप झालं. सीमाप्रश्न मी इथं आणत नाही, पण डब्यातला कागद इंग्रजी, भिंतीवरचा फलक कन्नड, आणि आमच्या मावशींना मराठीही वाचता येत नाही. कित्तूरकडच्या कन्नड आज्जींची अडचणही हीच आहे. म्हणून मोठी चित्रं लावा आणि ज्याला जी भाषा येते त्या भाषेत तोंडानं सांगा.

आपल्या पेपरकडंही एक मागणं आहे. लाल आणि केशरी टोपणाच्या सिरिंजचा रंगीत फोटो आणि सुईच्या दोन टोपणांचं चित्र मोठ्या आकारात एकदा छापा, मी ते कापून दुकानात लावतो आणि इन्सुलिन नेणाऱ्या प्रत्येकाला कॉपी देतो.

आपला वाचक,
एक मेडिकल दुकानदार, ता. खानापूर, जि. बेळगाव