चरबीच्या टक्क्यावर शिक्का कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरीरातली चरबी घरच्या घरी रोज मोजा, असा सल्ला देणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. नुसत्या वजनापेक्षा चरबी किती आणि कुठे आहे हे महत्त्वाचे, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. ‘डिजिटल काट्यावर उभे राहा आणि आकडा वहीत लिहा’ हे मात्र घशाखाली उतरले नाही. मी वैध मापन खात्यातला निवृत्त निरीक्षक. सांगली-कोल्हापूरकडचे ऊसकाटे, हळदीच्या अडत दुकानांतले तराजू, पेट्रोलपंप, सोनारांचे काचेआडचे काटे तपासण्यात उमेदीची वर्षे गेली. काटामारी म्हणजे काय हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. त्यामुळे कुठल्याही यंत्राने आकडा दाखवला की तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

मुलाने असा एक काटा घरी आणला आहे. वर काच, तिच्यावर चार चकत्या, मोबाइलला जोडलेला. तो मी ओळखीच्या काटे दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन प्रमाणित वजनांवर पाहिला. वजन चोख दाखवतो, तक्रार नाही. लोखंडी वजनात चरबी किती, हे त्याने अर्थातच सांगितले नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पंचवीस टक्के चरबीचे प्रमाणित वजन कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. किलोचे तसे नाही. पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २०१९ मध्ये किलोची व्याख्या बदलली, तरी वरपासून वाण्याच्या तराजूपर्यंतची पडताळणीची साखळी तुटली नाही. चरबीच्या टक्क्याला असे कुळ नाही.

मग काटा करतो काय? एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे अगदी क्षीण वीज सोडतो. स्नायूंत पाणी भरपूर म्हणून तिथून ती सहज जाते, चरबीत अडते. किती अडली यावरून शरीरात पाणी किती याचा अंदाज. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे धरून त्या भागाचे वजन काढायचे, ते एकूण वजनातून वजा केले की उरली ती चरबी. त्या हिशेबात उंची, वय आणि स्त्री की पुरुष हेही मिसळतात, कारण कंपनीचे सूत्र बेतलेले असते दुसऱ्याच कुठल्या तरी लोकांवर. म्हणजे प्रत्यक्ष मोजल्या गोष्टी दोनच, वजन आणि विजेला झालेला अडथळा. बाकी सगळी आकडेमोड. माझा विश्वास बसेना म्हणून मी मुलाच्या मोबाइलमध्ये माझे वय तिशीचे केले आणि ‘खेळाडू’ या खुणेवर बोट ठेवले. पाय तेच, काटा तोच, आणि माझी चरबी बसल्या जागी कितीतरी टक्क्यांनी उतरली! असा ऊसकाटा मला सापडला असता तर मी तो जागच्या जागी सील केला असता.

शिवाय पायांवर उभे राहायच्या काट्यात वीज एका पायाने चढते आणि दुसऱ्याने उतरते. आम्हा मंडळींची चरबी साठते पोटात, त्या पोटाची खबर तिला फारशी लागतच नाही. निर्जळी एकादशीला संध्याकाळी काट्यावर उभे राहून पाहा. दिवसभर पोटात काही नाही, तरी चरबी वाढलेली दिसण्याचाच संभव जास्त, कारण अंगातले पाणी कमी झाले की अडथळा वाढतो आणि यंत्र तो चरबीच्या खात्यावर मांडते. रानात अनवाणी राबून टाचांना घट्टे पडले असतील तरी तेच. पाळीच्या आधी अंगात पाणी धरले की उलटे.

मग खरे माप कोणते? जुने आणि मानाचे माप पाण्याखाली वजन करण्याचे. अमेरिकी नौदलातले डॉ. अल्बर्ट बेन्के यांनी ते १९४२ च्या सुमारास पुढे आणले. हवेतले वजन आणि पाण्यातले वजन यांवरून शरीराची घनता काढायची, फुप्फुसात उरलेली हवा वजा करायची आणि सीरी या शास्त्रज्ञाच्या सूत्रात घालायची: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. मी कागदावर मांडून पाहिले. घनता १.०५ आली तर चरबी २१.४ टक्के, १.०४ आली तर २६. घनतेत जेमतेम एक टक्क्याची गल्लत आणि माणूस ‘ठीक’वरून थेट ‘लठ्ठ’! या सूत्रात चरबी नसलेल्या शरीराची घनता १.१ धरली आहे, आणि तसे धरण्याचा जो आधार दाखवतात, तो तीन पुरुषांच्या मृतदेहांच्या विच्छेदनाचा. बायका, म्हातारे, आपल्याकडची बारीक हाडापेराची माणसे, सगळ्यांना तीच फूटपट्टी. मोठ्या शहरांत हाडांची घनता पाहायचे डेक्सा यंत्र असते, ते दोन प्रकारच्या क्ष-किरणांनी चरबीही सांगते. ते पुष्कळ बरे, पण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे तिथेही तंतोतंत जुळत नाहीत.

यावरून चरबी मोजणे म्हणजे थोतांड, असे कोणी समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी भरली, पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर त्या मानाने चरबी टिकून होती, हेही याज्ञिकांच्याच चमूने दाखवले. हडकुळा दिसणारा माणूस मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो तो असा. मीही त्यातलाच, हातपाय काटक्या आणि पुढे पोट. म्हणूनच माप हवे, पण त्यात खोट किती हे सांगणारे हवे. बंद पाकिटातल्या मालाच्या वजनात किती फरक चालेल ते कायद्याने ठरलेले असते, त्याला आम्ही कमाल अनुज्ञेय त्रुटी म्हणायचो. चरबीच्या काट्याच्या खोक्यावर ‘२७.४’ असा दशांशासह आकडा मिरवतो, त्रुटीचा मात्र पत्ता नसतो.

हा दशांश काय करतो ते आमच्या गल्लीत पाहिले. एका व्यायामशाळेने ‘मोफत चरबी तपासणी’ ठेवली होती. साठी नुकतीच ओलांडलेल्या शेजाऱ्यांना छापील कागद मिळाला. त्यावर चरबी, पोटातली चरबी, स्नायू आणि ‘शरीराचे वय ७४’. त्याच दोन मोजमापांतून निघालेले हे सगळे आकडे. पाठोपाठ वर्षाची फी आणि प्रोटीनचा डबा. गृहस्थ आठवडाभर नीट जेवले नाहीत. घरातही काही वेगळे नाही. मुलाचा आकडा तेवीस, सूनबाईंचा एकतीस, आणि चिरंजीव तिला चिडवतात. बाईच्या शरीरात चरबी निसर्गतःच जास्त असते आणि तिची मर्यादाही वेगळी धरतात, हे त्या मोबाइलने त्याला सांगितलेले दिसत नाही.

ज्यांना काटा वापरायचाच आहे त्यांनी यंत्र बदलू नये, सकाळी शौचास जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी उभे राहावे आणि महिना-दोन महिन्यांचा कल पाहावा. कालच्या-आजच्या फरकात जीव अडकवू नये. माझ्या मते शिंप्याची टेप त्याहून भरवशाची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. २००९ साली भारतीयांसाठी ठरलेली मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे. टेपही जुनी झाली की ताणते, तेव्हा ती अधूनमधून पोलादी पट्टीवर ताडून घ्यावी.

लेखातली एक गोष्ट मात्र पुढच्या अंकाची वाट न पाहता दुरुस्त करावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असे वीज सोडणारे काटे वापरू नयेत आणि गरोदर बायकांनीही टाळावेत, असे या काट्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आपल्या लेखात ते कुठेच नाही. आपले बरेच वाचक माझ्या वयाचे आहेत. ही सूचना ठळक टाइपात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक,
सांगली