औषध आहे, मुलं कुठल्या तळावर आहेत ते सांगा

गळीत हंगाम सुरू झाला, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या, शिवारात त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहिल्या. त्या कोप्यांतल्या नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जीवनसत्त्व ‘अ’ पाजायचं आहे. त्यासाठी गावाच्या आरोग्य व पोषण समितीचं हे आवाहन.

आधी एक स्पष्ट करतो: औषधासाठी वर्गणी नको. औषध उपकेंद्रात फुकट मिळतं. मेडिकलमधून बाटल्या किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या आणून वाटू तर अजिबात नका.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 1 मिली, म्हणजे 1 लाख आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक). दीड वर्षाला 2 मिली आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 मिली. असे एकूण नऊ डोस. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं, म्हणून सहा महिन्यांतून एकदा पुरतं. आणि साठतं म्हणूनच लागोपाठ दोनदा दिलं तर बाधतं. 2001 साली आसामात 2 मिलीच्या चमच्याऐवजी 5 मिलीचे कप वाटले गेले आणि मुलं आजारी पडली. बाटलीसोबतचाच चमचा वापरायचा, यावर नर्सबाई अडून बसतात ते त्यामुळे.

रातांधळेपणा सगळ्यांना माहीत आहे. पण हे जीवनसत्त्व कमी पडलं की आतड्याचं आणि श्वासनलिकेचं अस्तरही कमकुवत होतं, मग साधा जुलाब किंवा गोवर जिवावर बेततो. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात डोस दिलेल्या मुलांचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1986 मध्ये प्रसिद्ध झालं. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या चाचणीत मात्र फरक जेमतेम 4 टक्के निघाला, आणि डोस सरसकट द्यावा का हा वाद अजून मिटलेला नाही. आमचं मत असं: कोपीतल्या मुलाच्या ताटात ना दूध, ना पालेभाजी. जिथे कमतरता असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथे तरी डोस चुकू नये.

चुकतो कसा? आईबाप पहाटे तीन-चारला कोयता घेऊन फडात. नर्सबाई अकराला तळावर जातात तेव्हा तिथे आठ वर्षांची बहीण कडेवर बाळ घेऊन उभी. कार्ड कुठे, मागचा डोस कधी, तिला काय ठाऊक? म्हणून फेरी संध्याकाळी साडेसहानंतर काढायची आहे. त्या वेळी तळावर अंधार असतो आणि चमच्यावरची 1 मिलीची खूण दिसत नाही.

तेव्हा हवं आहे ते असं. चार संध्याकाळी दोन दुचाकी, चालवणाऱ्यासकट. चार्जिंगचे चार चांगले दिवे. कार्ड भिजू नये म्हणून प्लास्टिकची पाकिटं, दर मुलामागे एक. आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्यांच्या रानात किंवा रानाशेजारी टोळी उतरली आहे त्यांनी मुकादमाचं नाव, तळाची जागा आणि लहान मुलांची संख्या ग्रामपंचायतीत कळवावी. टोळी दुसऱ्या फडावर हलली तर तेही.

कार्ड गावाकडे राहिलं असेल तर आईच्या मोबाइलवरून तिकडच्या आशाताईंना फोन लावून मागच्या डोसाची तारीख विचारायची. इथे दिलेला डोस कार्डावर चढवायलाच हवा, नाहीतर पाडव्याला घरी पोचलेल्या मुलाला अंगणवाडीत पुन्हा पाजलं जाईल. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून पाजायचं नाही, ठसका लागतो. फोडलेल्या बाटलीवर तारीख लिहायची, आठ आठवड्यांनंतर ती वापरायची नाही, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही. डोसानंतर एखाद्याला उलटी होते, डोकं दुखतं. बहुधा दोन दिवसांत थांबतं. तसं झालं तर उपकेंद्रात कळवा.

बांधावर शेवगा असेल तर टोळीतल्या बायकांना पाला तोडू द्या. भाजीत चमचाभर तेल पडलं तर त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं.

पहिली फेरी येत्या सोमवारी, ओढ्याकडच्या तळापासून. दिवे रविवारीच आणून द्यावेत, रात्रभर चार्जिंगला लावायचे आहेत.