दमेकऱ्यांनो, फ्लूची लस पावसाळ्याआधीच घ्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

निफाडचा पारा घसरला की आपण सगळे स्वेटर काढतो, पण सीओपीडी (फुफ्फुसं खराब होऊन कायम दम लागण्याचा आजार) असलेल्यांना फ्लू फक्त थंडीतच गाठतो असं नाहीये, आपल्याकडे त्याची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. माझ्या सासूबाईंची फुफ्फुसं चुलीच्या धुराने गेलीत, बिडी कधी हातातही धरली नाही त्यांनी, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही, अँटीबॉडी तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात, मग काही महिन्यांत त्या कमी होत जातात आणि व्हायरसही रूप बदलतो, म्हणून दरवर्षी नवीन डोस. वय जास्त असेल तर प्रतिसाद थोडा कमी येतो हे खरंय, पण म्हणून लस वाया जात नाही, सीओपीडीवाल्यांमध्ये दम अचानक वाढण्याचे प्रकार तिने कमी होतात. आणि "लसीनेच फ्लू होतो" हे कृपया पसरवू नका, इंजेक्शनमधला व्हायरस जिवंत नसतो, एखाद दिवस अंग दुखेल किंवा कणकण येईल एवढंच.

नाशिकच्या सगळ्या छातीच्या ओपीडींमध्ये मे महिन्यातच प्रत्येक पेशंटला "यंदाची लस घेतली का" एवढं विचारावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक